प्रकल्प नोंदी : होम थिएटर, मिक्सर आणि आईचं भजनी मंडळ

६ जुलै २०२५, रविवार, सातारा

आषाढी. घरी भजन होतं. मंडळाच्या चौदा जणी, एक पेटी, एक पखवाज, टाळ आणि अठरा बाय बाराचा आमचा हॉल. पखवाज घुमायला लागला की अभंगाचे शब्द बुडत होते. कुणीतरी चाकांचा ट्रॉली स्पीकर आणला होता; त्यानं दुसऱ्याच अभंगाला अशी शिट्टी मारली की ओसरीवर बसलेल्यांनी कानांवर हात ठेवले. मग तो बंद.

सगळे गेल्यावर आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "भिंतीवर एवढे पाच डबे टांगलेत. तुझ्या त्या इंग्रजी मारामाऱ्या त्यातून ऐकू येतात, मग तुकोबा का येत नाहीत?"

उत्तर सुचलं नाही. म्हणून ही वही.

मुदत : गणपती. २७ ऑगस्ट, बुधवार. मी पुण्याहून शनिवार-रविवारीच येतो, म्हणजे हातात सात आठवडे असले तरी कामाचे दिवस जेमतेम चौदा.

घरात काय काय आहे : नऊ वर्षांचा एव्ही रिसीव्हर (५.१), म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन पाच स्पीकर आणि एका सबवूफरला वाटून देणारा अँप्लिफायर. समोर टीव्हीच्या दोन बाजूंना दोन स्पीकर, खाली सेंटर, सोफ्याच्या मागे दोन सराउंड, कोपऱ्यात सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर. सबवूफरला स्वतःचा अँप्लिफायर आहे, बाकी पाचही साधे, आठ ओहमचे. माळ्यावर बाबांचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर आणि त्याचे दोन स्पीकर. आतेभावाचा ऑर्केस्ट्रा बंद पडला, त्यातला आठ चॅनेलचा मिक्सर त्याच्याकडे धूळ खात आहे. "घेऊन जा दादा" म्हणाला.

१२ जुलै, शनिवार

मिक्सर आला. आधी कागदावर आकृती. तार हातात घेण्यापूर्वी बाण काढायचे, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सरांनी डोक्यात भरवलेलं.

आतेभावाची कल्पना सरळ होती : टीव्ही, सेट टॉप बॉक्स, माइक सगळं मिक्सरमध्ये घालायचं आणि मिक्सरमधून स्पीकरना द्यायचं. स्टेजवर तसंच करतात. घरी ते दोन कारणांनी चालत नाही. एक म्हणजे मिक्सरमधून बाहेर पडतो तो लाइन सिग्नल, साधारण एक-सव्वा व्होल्टचा. त्यात आठ ओहमचा स्पीकर हलवण्याइतका जोर नसतो, मध्ये अँप्लिफायर लागतोच. दुसरं, हा मिक्सर शेवटी सगळं डाव्या आणि उजव्या अशा दोनच वाटांवर आणून सोडतो. सिनेमाचे सहा वेगळे आवाज त्यात घातले की निघताना दोन. मग मागचे स्पीकर कशाला टांगले?

म्हणून ठरलं ते असं. सिनेमा जसा येतो तसा एचडीएमआयनं रिसीव्हरमध्येच येईल, त्याला हात लावायचा नाही. मिक्सर हा रिसीव्हरच्या दृष्टीनं आणखी एक सीडी प्लेयर. मागे 'सीडी' लिहिलेली लाल-पांढरी आरसीए जोडी (आवाजाच्या तारा लावायच्या गोल खोबणी) रिकामी आहेच. रिमोटवर सीडी दाबलं की भजन, टीव्ही दाबलं की मारामाऱ्या.

एक गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवतो. व्यावसायिक सामानाची लाइन पातळी +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. घरगुती सामानाची −१० डीबीव्ही, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट. दोघांत जवळजवळ १२ डेसिबलचा फरक. म्हणजे मिक्सरचा दिवा शून्यावर लागला की तो रिसीव्हरच्या कानात ओरडतोय असं धरायचं. मुख्य फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) खालीच राहील.

१३ जुलै, रविवार

आजचा दिवस हसण्याचा की रडण्याचा, कळत नाही.

मिक्सरच्या आउटपुटला पाव इंची जॅक आहेत. (काही मिक्सरना 'टेप आउट' म्हणून आरसीए असतं. त्यांचं काम दोन मिनिटांत होतं. याला नाही.) आतेभावाच्या पेटाऱ्यात एका टोकाला पाव इंची जॅक आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरे दोन आरसीए अशी केबल मिळाली. अगदी हवी तशी! डाव्या आउटपुटमध्ये जॅक घातला, लाल-पांढरे रिसीव्हरला. माइक चॅनेल एकला. आई टीव्हीसमोर उभी राहिली आणि "हॅलो हॅलो" वगैरे न म्हणता थेट "सुंदर ते ध्यान" सुरू केलं.

आवाज मागून आला.

समोरच्या दोन स्पीकरमधून काहीतरी पातळसं, पत्र्याच्या डब्यातल्यासारखं. सेंटरमधून काहीच नाही. आणि सोफ्यामागचे सराउंड, ज्यांच्यातून एरवी पाऊस आणि हेलिकॉप्टर येतात, त्यांतून आई स्वच्छ. तिनं गाता गाता मागे वळून पाहिलं. "मी इथे, आणि माझा आवाज माझ्या पाठीशी कसा?"

स्पीकरच्या तारा उलट लागल्या असाव्यात म्हणून सगळ्या तपासल्या. बरोबर होत्या. टीव्ही लावला, बातम्या देणारी बाई मुकाट्यानं सेंटरमधून बोलली. सीडी प्लेयर त्याच जागी जोडला, गाणं समोरून आलं. म्हणजे रिसीव्हर ठीक. मिक्सरला हेडफोन लावून ऐकलं, तोही ठीक. दोन्ही डबे आपापल्या परीनं बरोबर आणि तरी घरात भुताटकी.

शेजारचे काका येऊन "वास्तूचा काही दोष" म्हणून गेले. रात्री साडेआठची एसटी पकडली.

१५ जुलै, मंगळवार, पुणे

ऑफिस सुटल्यावर बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत. केबल सोबत नेली होती. काउंटरवरच्या म्हाताऱ्या मालकांनी ती हातात धरली, जॅकवरच्या दोन काळ्या रेघा नखानं दाखवल्या आणि म्हणाले, "इन्सर्ट केबल आहे ही. मेन आउटला लावलीत का? मग आवाज फिरला असेल."

इतकंच. पण एसटीत डोकं खाजवून मला जे सुचलं नाही ते त्या एका वाक्यात सुटलं. नीट लिहून ठेवतो, कारण इतर कुणाच्याही घरी हे होऊ शकतं.

दोन काळ्या रेघांचा जॅक म्हणजे टीआरएस. टोकाला टिप, मधली रिंग, मागे स्लीव्ह. हेडफोनमध्ये टिप म्हणजे डावा कान आणि रिंग म्हणजे उजवा. पण मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमध्ये ती दोन वेगळी गाणी नसतात. टिपवर सिग्नल असतो आणि रिंगवर तोच सिग्नल उलटा. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली. स्टेजवरच्या लांब केबलमध्ये वाटेत जी खरखर शिरते ती दोन्ही तारांवर सारखीच बसते. पलीकडचं यंत्र दोहोंतली वजाबाकी करतं, सिग्नल दुप्पट होतो आणि खरखर कापली जाते. युक्ती सुरेख आहे. पण माझ्या केबलनं सुलटा सिग्नल रिसीव्हरच्या डाव्या कानात घातला आणि उलटा उजव्यात.

आता रिसीव्हर. तो सिनेमासाठी डॉल्बी सराउंडवर ठेवलेला. दोन चॅनेलच्या आवाजातून पाच काढायची डॉल्बीची ही रीत जुनी, प्रो लॉजिक १९८७ पासून घरोघरी आलं. नियम असा की डाव्या-उजव्यात जे अगदी सारखं असेल ते माणसाचं बोलणं समजून सेंटरला द्यायचं, आणि जे एकमेकांच्या उलट असेल ते मागच्या स्पीकरना. सिनेमावाले मागचा आवाज दोन चॅनेलमध्ये लपवताना तो तसाच उलटसुलट करून लपवतात. रिसीव्हरनं आईचा आवाज पाहिला, डावीकडे सुलटा, उजवीकडे उलटा. त्याच्या हिशेबानं ते हेलिकॉप्टर. पाठवलं मागे.

कुणाचंच काही चुकलं नव्हतं. चुकलं ते दोघांच्या मधल्या दीड मीटरमध्ये.

एकेका रेघेचे, म्हणजे टीएस जॅकचे, टीएस ते आरसीए असे दोन वेगळे तुकडे घेतले. एक डाव्या आउटपुटला, एक उजव्या. टीएस घातला की रिंग जमिनीला टेकते. मिक्सरच्या पुस्तिकेत तसं चालतं असं लिहिलंय, ते आधी वाचून घेतलं. मालकांनी त्या इन्सर्ट केबलला सेलोटेप गुंडाळून त्यावर पेनानं फुली मारून दिली. पैसे घेतले नाहीत त्याचे.

१९ जुलै, शनिवार

आवाज पुढे आला. आई खूश. पाच मिनिटं.

मग तिनं माइक ओठांजवळ नेला आणि झटक्यात लांब केला. "चावतोय रे हा."

मी हातात धरला, काही नाही. चप्पल काढून शहाबादी फरशीवर उभा राहिलो आणि जाळीला हात लावला. झिणझिण्या. मुंग्यांसारख्या, पण नक्की.

इथे प्रकल्प थांबवला. आवाजाचं नंतर बघू, आधी हे. मिक्सरची पिन तीन खिळ्यांची. आतल्या पॉवर सप्लायमध्ये खरखर गाळायला फेज आणि न्यूट्रल दोहोंकडून बॉडीला छोटे कपॅसिटर असतात. बॉडी अर्थला जोडलेली असली तर त्यांतून येणारा चिमूटभर करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थ नसली तर बॉडी मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते. मिक्सरची बॉडी म्हणजे केबलच्या आतली धातूची जाळी, जाळी म्हणजे माइकची बॉडी, आणि तिथे आईचे ओठ.

वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी टेस्ट लॅम्प फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लागला. फेज आणि अर्थमध्ये धरला, अंधार. बोर्ड उघडला तर आत हिरवी तार सुबक वेटोळं करून ठेवलेली, कुठेही न जोडलेली. किती वर्षं तशी होती कोण जाणे. या घरात आम्ही इतकी वर्षं मिक्सर (स्वयंपाकघरातला), गीझर, फ्रिज वापरतोय.

२० जुलै, रविवार

दिवसभर अर्थिंग. परसात जुना खड्डा होता, कोरडा ठणठणीत. दादांनी तो मोकळा केला, पाइप साफ केला, कोळसा-मीठ नव्यानं भरलं, बादलीभर पाणी ओतलं. हिरवी तार बोर्डापासून खड्ड्यापर्यंत नवी. संध्याकाळी टेस्ट लॅम्प फेज-अर्थमध्ये लख्ख लागला. सोबत अर्थ लीकेज ब्रेकरही बसवून घेतला. लाल-पांढरी एकही तार न जोडता आठवड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम झालं. आई उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायची जबाबदारी तुळशीबरोबर घेणार आहे.

माइक आता चावत नाही.

२६ जुलै, शनिवार

चावत नाही, पण गुणगुणतो. अर्थ नीट झाल्यावर सगळं शांत व्हायला हवं, तर उलट समोरच्या स्पीकरमधून जाड, एकसुरी हूं. ५० हर्ट्झ, त्यावर १००. ओळखीचा सूर; ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहिलं की येतो तो.

आतेभाव म्हणाला, "दादा, मिक्सरच्या पिनचा अर्थचा खिळा काढून टाक. स्टेजवर आम्ही तेच करायचो." गेल्या शनिवारनंतर हे ऐकायची माझी तयारी नव्हती. त्यानं हूं जाईल, आणि माइक पुन्हा चावेल. त्या दिवशी चावणं होतं, एखाद्या दिवशी त्याहून जास्त काही असेल. नाही.

एकेक तार काढत गेलो. माइक काढले, हूं तसाच. लॅपटॉप काढला, तसाच. सबवूफर बंद, थोडा कमी. मिक्सरचे आरसीए काढले, गेला. परत लावले, आला. मग टीव्हीकडून सुरुवात केली आणि सेट टॉप बॉक्सच्या मागून केबलवाल्याची जाड काळी तार उपसल्याबरोबर घर गप्प झालं.

आकृतीवर पुन्हा बाण काढले तेव्हा दिसलं. केबलवाल्याच्या तारेची जाळी गल्लीतल्या कुठल्यातरी खांबावर जमिनीला टेकलेली. ती सेट टॉप बॉक्समधून, एचडीएमआयमधून, रिसीव्हरच्या बॉडीवर येते. आणि मिक्सर आता आमच्या परसातल्या खड्ड्याला. दोन जमिनी, दोन किंचित वेगळी व्होल्टेज, आणि दोघींना जोडणारा पूल म्हणजे माझी आरसीए केबलची जाळी. त्या पुलावरून जो करंट वाहतो तोच हूं. आधी अर्थ तुटलेली होती म्हणून हे वर्तुळ पुरं होत नव्हतं इतकंच.

इलाज : मिक्सर आणि रिसीव्हरच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. दोन चॅनेलची डबी, आत एकास एक ट्रान्सफॉर्मर. आवाज चुंबकातून पलीकडे जातो, जाळी जाळीला भेटत नाही. मेन्सची अर्थ जिथल्या तिथे राहते. येत्या आठवड्यात बुधवार पेठ.

२ ऑगस्ट, शनिवार

डबी बसवली. हूं गेला. व्हॉल्यूम पूर्ण वर करून स्पीकरला कान लावला तर फक्त हलकी सळसळ. ती सगळ्याच यंत्रांत असते.

मंडळातल्या पेटीवाल्या काकू आणि आणखी तिघी तालमीला आल्या. आणि आल्या आल्या नवीन तक्रार. "आम्ही गातो आणि मागोमाग आमचंच कुणीतरी गातंय." लय पडत होती. टाळ तर ऐकवेना, प्रत्येक ठोका दोनदा.

फोन समोरच्या स्पीकरजवळ ठेवून टाळाचा एक ठोका रेकॉर्ड केला आणि लॅपटॉपवर उलगडून पाहिला. खरा ठोका आणि स्पीकरमधला ठोका यांत सुमारे ७० मिलिसेकंद. हवेत आवाज मिलिसेकंदाला ३४ सेंटीमीटर जातो. म्हणजे जणू स्पीकर भिंतीवर नसून २४ मीटरवर, रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत ठेवलाय.

रिसीव्हर आलेला आवाज आधी आकड्यांत बदलतो, त्यातून पाच वाटा काढतो, खोलीनुसार सुधारतो, प्रत्येक स्पीकरच्या अंतराप्रमाणे मागेपुढे करतो. शिवाय टीव्हीवरचे ओठ आणि शब्द जुळावेत म्हणून मीच दोन वर्षांपूर्वी त्यात उशीर भरून ठेवला होता, तो वेगळाच. सिनेमाला याचं काही नसतं, चित्रही तितकंच थांबतं. पण गाणाऱ्याचा गळा थांबत नाही.

रिमोटवर 'डायरेक्ट' बटण आहे. ते दाबलं की हे सगळे संस्कार वगळून आवाज सरळ अँप्लिफायरला. पुन्हा ठोका, पुन्हा रेकॉर्ड : आलेखावर दोन ठोके वेगळे काढता येईनात. काकूंनी मान डोलावली आणि पट्टी काळी दोनवरून काळी एकवर घेतली. त्याचा माझ्याशी संबंध नाही.

डायरेक्टची किंमत : सेंटर, सराउंड आणि सबवूफर मुके. फक्त समोरचे दोन. सराउंड गेल्याचं दुःख नाही, सबवूफरचं आहे. पखवाजाचा घुमारा त्यातूनच यायचा. उद्या बघू.

३ ऑगस्ट, रविवार

पखवाजवाले काका आले. त्यांच्यासमोर माइक ठेवून सबवूफर कसा चालू करता येईल यावर मी अर्धा तास बोललो. ते ऐकत होते. मग त्यांनी माइक उचलून बाजूला ठेवला आणि एक 'धा' मारला. हॉलच्या खिडक्यांची तावदानं वाजली.

बरोबर. अठरा फुटांच्या खोलीत पखवाजाला स्पीकर कशाला हवा? मूळ तक्रारच तो मोठा आणि शब्द लहान अशी होती. मी उगाच प्रत्येक वाद्याला चॅनेल देत बसलो होतो. पण ओसरीवरच्यांना भिंतीआडून त्याचं नुसतं डब्-डब् येतं, चाटीवरचे, म्हणजे कडेवरचे, बोल येत नाहीत. त्याची सोय ओसरीच्या स्पीकरबरोबर.

शिट्टी. तिला आज गाठलं. मी माइक टीव्हीच्या भिंतीजवळ, गाणाऱ्या बायका प्रेक्षकांकडे तोंड करून, असे मांडले होते, गाण्याच्या कार्यक्रमासारखे. स्टेजवर स्पीकर गायकाच्या पुढे असतात. इथे ते भिंतीवर, गायकाच्या खांद्यांमागे. म्हणजे माइकचं उघडं तोंड थेट स्पीकरकडे; स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो, तीच शिट्टी. आमचे माइक कार्डिऑइड जातीचे, पुढून ऐकणारे, पाठीमागून जवळजवळ बहिरे. मग पाठच स्पीकरकडे करायला हवी. म्हणजे गाणाऱ्यांनी सोफ्याच्या जागी बसून टीव्हीकडे तोंड करायचं.

"भिंतीकडे बघून कोण गातं?" काकू म्हणाल्या.

आई म्हणाली, "भिंतीकडे कुठे? मखर तिथेच असतं ना."

खरंच की. दरवर्षी टीव्ही कपाटात जातो आणि त्याच जागी गणपती बसतो. मंडळ त्याच्यासमोर जमिनीवर, बाप्पाकडे तोंड करून. माइकची पाठ स्पीकरना आपोआप. सतरंजी पसरून करून पाहिलं. मुख्य फेडर सकाळपेक्षा बराच वर गेला, शिट्टी नाही.

आणखी दोन गोष्टींनी फरक पडला. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी येण्याआधीची मोकळीक ३ डेसिबलनं कमी होते, म्हणून गायिकांसाठी चारऐवजी दोनच, अर्धवर्तुळात. आणि तोंडापासून एक वीत. हात लांब धरला की आवाज पडतो, मग मी गेन (माइकचा आवाज आत घेतानाच वाढवणारा गोल) वाढवतो, मग शिट्टी. हे आईला सांगायला सोपं गेलं : "पोळीवर फुंकर घालतो तेवढ्या अंतरावर." दोन्ही गळ्यांच्या चॅनेलवर लो-कटचं, म्हणजे अगदी खालचे जाड आवाज गाळायचं, बटण दाबलं, बसताना उठताना जमिनीचे जे धप्प आवाज येत होते ते गेले.

१० ऑगस्ट, रविवार

काल राखीपौर्णिमा, त्यामुळे आतेबहिणी, आतेभाऊ सगळे घरी. काम शून्य, सल्ले भरपूर.

आज ओसरी. आतेभावानं माळ्यावरचे दोन स्पीकर उतरवले आणि मी चहा प्यायला आत गेलो तेवढ्यात रिसीव्हरच्या मागे, समोरच्या स्पीकरच्याच टर्मिनलवर, त्यांच्या तारा कोंबल्या. वाजले. दहा मिनिटं छान वाजले. अकराव्या मिनिटाला रिसीव्हर टक्क करून बंद, पुढे लाल दिवा लुकलुकत.

आठ ओहमला आठ ओहम समांतर जोडले की चार होतात. रिसीव्हरच्या पाठीवर लिहिलंय : किमान सहा. तो बंद पडला हे त्याचं शहाणपण. अर्ध्या तासानं गार होऊन परत सुरू झाला. आतेभावाला ओरडलो नाही. मिक्सर त्याचा आहे.

ओसरीला बाबांचा अँप्लिफायर. मिक्सरला ऑक्स सेंड आहे, म्हणजे मुख्य मिश्रणाबरोबरच आणखी एक स्वतंत्र मिश्रण बनवायची सोय, आणि त्याला प्री-पोस्टचं बटण. प्रीवर ठेवलं, म्हणजे ऑक्सला फेडरच्या आधीचा आवाज मिळतो. आता पखवाजाच्या माइकचा फेडर पूर्ण खाली, म्हणजे हॉलमध्ये तो स्पीकरमधून नाही. पण त्याचा ऑक्सचा गोल वर, म्हणजे ओसरीवर चाटीसकट सगळे बोल. इतक्या आठवड्यांत मला सगळ्यात जास्त आनंद या एका बटणाचा झाला.

तार : हॉलच्या कोपऱ्यातून खिडकीवरून ओसरीच्या टोकापर्यंत १८ मीटर, जाऊन-येऊन ३६. तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची तार घेतली तर रोध सुमारे ०.४४ ओहम, अडीचची घेतली तर ०.२७. तारेचा रोध स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत असावा असा ठोकताळा, म्हणजे आठला ०.४. अडीचची घेतली. घरातल्या वायरिंगची साधी लवचीक तार, हार्डवेअरच्या दुकानातून. 'ऑडिओ'वाली तार तिप्पट महाग होती आणि पारदर्शक होती, एवढंच.

बाबांच्या स्पीकरवर लाल-काळ्याच्या खुणा पुसल्या होत्या. पेन्सिल सेल तारांना टेकवून पाहिला. पडदा बाहेर आला तर सेलच्या धनाची बाजू लाल. एकाचा बाहेर, एकाचा आत. उलटा फिरवून खूण केली.

अँप्लिफायर उघडून धूळ झटकली. आत बाबांच्या अक्षरात फ्यूजची किंमत आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी. परत तशीच ठेवली.

१७ ऑगस्ट, रविवार

पूर्ण तालीम, चौदा जणी.

गेन लावायची पद्धत एकदाची पक्की केली. प्रत्येकीनं अभंगात जितका मोठा लावते तितकाच आवाज लावायचा (तपासताना सगळ्या लाजून हळू गातात, आणि खऱ्या भजनात दुप्पट). चॅनेलचं पीएफएल (फक्त त्या चॅनेलची पातळी दाखवणारं बटण) दाबून गेनचा गोल दिवा शून्याला टेकेपर्यंत. फेडर खुणेवर. मुख्य फेडर खुणेच्या खाली, ते १२ डेसिबल आठवून. रिसीव्हरचा व्हॉल्यूम शेवटी, आणि मग तो रात्रभर हलवायचा नाही.

आवाज किती बाहेर जातो हे फोननं कुंपणाशी मोजलं. फोन म्हणजे काही मापक नव्हे, पण अंदाज येतो : ६२ डेसिबल. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५. ओसरीचे स्पीकर रस्त्याकडे तोंड करून होते. ते आत, भिंतीकडे वळवले आणि थोडे खाली कलवले. ५४. वास्तूदोषवाले काका कुंपणापलीकडून म्हणाले, "अहो, मघाशी जास्त छान ऐकू येत होतं."

२४ ऑगस्ट, रविवार

टीव्ही कपाटात. मखर. मी बुधवारी सुट्टी घेऊन येणार, पण गौरींपर्यंत राहता येणार नाही, म्हणून आईसाठी पुठ्ठ्यावर लिहून मिक्सरशेजारी टांगलं :

लावताना आधी मिक्सर, मग ओसरीचा, शेवटी रिसीव्हर. बंद करताना उलट, आधी रिसीव्हर. (नाहीतर मिक्सर लावतानाचा धप्पा स्पीकरना बसतो.) रिमोटवर सीडी, मग डायरेक्ट. ४८ व्होल्टच्या बटणाला हात नाही, आपल्या माइकना ते लागत नाही.

आईनं चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "आणि शिट्टी आली तर?" "मुख्य फेडर खाली." "तो लाल?" "लाल." तिनं लाल फेडरला हळद-कुंकवाचं बोट लावलं. आता तो अंधारातही दिसतो.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

सकाळी प्रतिष्ठापना. आरतीला झांजा सुरू झाल्या आणि गळ्यांच्या माइकमध्ये त्या इतक्या घुसल्या की दोन्ही चॅनेलचे लाल दिवे विझेचनात. आईनं ताम्हन खाली न ठेवता डाव्या हातानं लाल फेडर खाली ओढला. आरती बिनस्पीकरची झाली. वीस माणसं घसा फोडून आरती म्हणतात तिथे स्पीकर कशाला, हे मला सात आठवड्यांत सुचलं नव्हतं.

संध्याकाळी भजन. साडेसात ते पावणेदहा. आरती झाल्यावर आईनं फेडर स्वतःच परत जागेवर नेला. "रूप पाहता लोचनी"ला मी ओसरीच्या टोकाला, पायरीवर बसलो होतो. शब्द कळत होते. पखवाजाची चाट कळत होती. हूं नव्हता. मधे एकदा पेटीच्या माइकची केबल कुणाच्या तरी पायात आली आणि पेटी गेली. काकूंनी न थांबता तशीच वाजवली, पुढच्या अभंगाला केबल परत लावली.

३१ ऑगस्ट, रविवार, पुणे

गौरी आल्या. मी नाही. दुपारी आईचा फोन : सगळं वाजलं, काही चावलं नाही. पण पुठ्ठ्यावर तिनं खाली भर घातली आहे, फोटो पाठवला. बॉलपेननं, तिच्या अक्षरात : "४ नंबर वर करू नये, काकांचा आहे, तो नुसता बाहेरच्यांसाठी." आणि त्याखाली : "सिनेमा लावण्यापूर्वी डायरेक्ट काढणे, नाहीतर तो म्हणेल मागचे डबे बिघडले."

विसर्जनानंतर करायचं : टीव्ही परत. मिक्सरवर घालायला जुन्या साडीचा तुकडा. इन्सर्ट केबल आतेभावाला परत द्यायची, सेलोटेपसकट.